जमिनीखालचं तेल आणि कागदावरचा आकडा : सिद्ध साठ्याची किंमत कशी मांडतात?



आजचा पाठ नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. विषय वाचून कुणीही म्हणेल, "तेल कंपन्यांच्या हिशेबाचा आपल्या शाळेशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो दोन बाजूंनी आहे.

पहिली बाजू गणिताची. या हिशेबात लागणारं सगळं गणित आपल्याच पाठ्यपुस्तकातलं आहे : सरासरी, शतमान, नफा-तोटा आणि चक्रवाढ व्याज. दुसरी बाजू आपल्या खिशाची. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या आपल्यापैकी अनेकांचा निवृत्तीचा पैसा एनपीएसमध्ये जातो आणि त्यातला काही भाग शेअर बाजारात गुंतवला जातो. पालकांपैकी कित्येकांच्या एसआयपी चालू आहेत. म्हणजे कंपन्या आपल्या वार्षिक अहवालात जे आकडे छापतात, त्यांच्यावर आपला पैसा विसंबून असतो. आपण ते वाचा अथवा वाचू नका.

तेल कंपनीच्या अहवालात एक आकडा फार वेगळा असतो. बाकीच्या वस्तू मोजता येतात. यंत्रं मोजता येतात, गोदामातला माल मोजता येतो, बँकेतली शिल्लक तर पैशापर्यंत कळते. पण दोन-तीन किलोमीटर खोल खडकात असलेलं तेल कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. तरी ते किती आहे आणि त्याची किंमत किती, हे कागदावर लिहावं लागतं. ते कसं लिहितात, कोणत्या नियमाने लिहितात आणि तो नियम वाकवला तर काय होतं, हे आज बघू.

यासाठी अमेरिकेचे नियम घेतले आहेत. तिथल्या शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, थोडक्यात एसईसी. जगातल्या बऱ्याच मोठ्या तेल कंपन्यांचे शेअर न्यूयॉर्कला खरेदी-विक्रीला असतात, त्यामुळे त्यांना एसईसीचे नियम पाळावे लागतात.

१. जमिनीखाली आहे ते सगळं 'साठा' नसतं

मुलांना हे समजवायला आंब्याची बाग फार उपयोगी पडते. कोकणात व्यापारी मोहोर पाहून बाग घेतो. पण तो मोहोर मोजत बसत नाही. मोहोरातला बराचसा गळणार, काही तुडतुडा खाणार, काही अवकाळी पावसात जाणार. मग फळ किती उतरेल? उतरवायची मजुरी किती? पेट्यांचा आणि गाडीचा खर्च किती? त्या वेळी भाव काय असेल? एवढा विचार करून तो आकडा बोलतो. झाडावर दिसतं ते आणि हाती येतं ते यात फरक आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

तेलाचंही तसंच आहे. खडकात असलेल्या एकूण तेलापैकी बराच भाग कधीच वर येत नाही, तो खडकाच्या बारीक छिद्रांतच अडकून राहतो. वर येऊ शकणाऱ्या तेलातही सगळं 'सिद्ध साठा' या नावाखाली लिहिता येत नाही. त्याला चार चाळण्यांतून जावं लागतं.

पहिली चाळणी पुराव्याची. तेल माहीत असलेल्या खडकात असलं पाहिजे. विहीर खणून, नमुने तपासून, भूगर्भाचा अभ्यास करून 'वाजवी खात्री' पटली पाहिजे.

दुसरी चाळणी पैशाची. आजच्या खर्चात आणि नियमाने ठरवून दिलेल्या भावात ते तेल काढणं परवडलं पाहिजे.

तिसरी चाळणी हक्काची. सरकारी परवाना किंवा करार असला पाहिजे. करार २०४० ला संपत असेल आणि तो वाढण्याची वाजवी खात्री नसेल, तर २०४० नंतर निघणारं तेल धरायचं नाही.

चौथी चाळणी निश्चयाची. जिथे अजून विहीर खणलेली नाही अशा जागेचं तेल धरायचं असेल, तर ती विहीर साधारण ५ वर्षांच्या आत खणण्याचा ठराव झालेला असला पाहिजे. "कधीतरी खणू" चालत नाही.

'वाजवी खात्री' म्हणजे नक्की किती? संभाव्यतेच्या पद्धतीने अंदाज केला असेल, तर प्रत्यक्षात निघणारं तेल अंदाजाइतकं किंवा त्याहून जास्त भरण्याची शक्यता निदान ९० टक्के हवी. म्हणजे असे दहा अंदाज केले तर त्यातले नऊ तरी पुरे पडले पाहिजेत. ५० टक्क्यांची खात्री असलेल्या साठ्याला आपण 'संभाव्य' म्हणू आणि १० टक्क्यांच्या साठ्याला 'शक्य' म्हणू. किंमत काढताना फक्त सिद्ध साठा धरतात, बाकी दोन्ही बाजूला ठेवतात.

इथे एक गोष्ट फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे : साठा हा फक्त भूगोलाचा आकडा नाही. तो भूगोल, बाजारभाव, कायदा आणि वेळ या चौघांचा मिळून आकडा आहे.

२. ताळेबंदात तेल का दिसत नाही?

ताळेबंदात वस्तू साधारणपणे तिला लागलेल्या खर्चाने लिहितात. समजा एका कंपनीने ५ कोटी डॉलर खर्चून विहीर खणली आणि ५० कोटींचं तेल सापडलं. ताळेबंदात दिसणार ५ कोटी. दुसऱ्या कंपनीने तेवढेच ५ कोटी खर्चले आणि तिला ६ कोटींचंच तेल मिळालं. तिच्याही ताळेबंदात ५ कोटी. वाचणाऱ्याला दोन्ही कंपन्या सारख्याच वाटतील! हिशेब चुकलेला नाही, पण मुख्य गोष्ट मात्र कळली नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत हा प्रश्न ऐरणीवर आला. १९७५ च्या ऊर्जा कायद्याने सांगितलं की तेल कंपन्यांचे हिशेब एका पद्धतीचे हवेत. १९७७ मध्ये लेखानियम ठरवणाऱ्या मंडळाने एकच पद्धत सक्तीची केली, पण लहान कंपन्यांनी जोरदार विरोध केला. १९७८ मध्ये एसईसीने वेगळीच वाट सुचवली : खर्च नको, सापडलेल्या साठ्याची किंमतच मुख्य हिशेबात धरा. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण अंदाज दरवर्षी बदलणार, भाव बदलणार आणि त्याबरोबर नफाही वर-खाली उड्या मारणार. शेवटी १९८१ मध्ये एसईसीने हा विचार सोडला.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये मधला मार्ग निघाला. ताळेबंदात खर्चच राहू द्या. पण अहवालाच्या मागे पुरवणी जोडा आणि तिथे सिद्ध साठा किती आणि ठरलेल्या रीतीने त्याची किंमत किती, हे लिहा. या किंमतीला तिथे 'स्टँडर्डाइज्ड मेजर' म्हणतात. आपण तिला 'प्रमाण माप' म्हणू. शब्द लक्षात घ्या, 'माप' म्हटलंय, 'मोल' नाही. या पुरवणीचं लेखापरीक्षण झालेलं नसतं, हेही पालकांनी ध्यानात ठेवावं.

३. प्रमाण मापाचं गणित

आता वही-पेन घ्या. एक काल्पनिक तेलक्षेत्र घेऊ. १ बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर.

सिद्ध साठा : १० लाख बॅरल
भाव : दर बॅरलला ७० डॉलर
काढण्याचा खर्च : दर बॅरलला ३० डॉलर
पहिल्या वर्षी नवी विहीर खणायचा खर्च : ४० लाख डॉलर
चौथ्या वर्षी विहिरी बंद करून जागा पूर्ववत करायचा खर्च : १० लाख डॉलर

तेल चार वर्षांत निघेल : ४ लाख, ३ लाख, २ लाख आणि १ लाख बॅरल. दरवर्षी कमी होत जातं, कारण खडकातला दाब उतरत जातो.

दर बॅरलमागे सुटतात ७० − ३० = ४० डॉलर.

पहिलं वर्ष : ४ × ४० = १६०, वजा ४० = १२० लाख
दुसरं वर्ष : ३ × ४० = १२० लाख
तिसरं वर्ष : २ × ४० = ८० लाख
चौथं वर्ष : १ × ४० = ४०, वजा १० = ३० लाख

बेरीज ३५० लाख डॉलर. पण थांबा. चार वर्षांनी मिळणारा डॉलर आणि आज हातात असलेला डॉलर सारखा नाही. आठवीत आपण चक्रवाढ व्याज शिकवतो : आजचे १०० रुपये १० टक्क्यांनी वर्षभरात ११० होतात. इथे तेच गणित उलटं करायचं. वर्षभराने ११० मिळणार असतील तर आज त्यांची किंमत १००. म्हणजे गुणायच्या जागी भागायचं. नियमाने दर ठरवून दिलाय १० टक्के.

१२० ÷ १.१ = १०९.०९
१२० ÷ १.२१ = ९९.१७
८० ÷ १.३३१ = ६०.११
३० ÷ १.४६४१ = २०.४९

बेरीज सुमारे २८८.८६ लाख, म्हणजे साधारण २ कोटी ८९ लाख डॉलर.

आता बघा. १० लाख बॅरल गुणिले ७० केलं तर ७ कोटी डॉलर येतात. बातमीत किंवा भाषणात बहुधा हाच मोठा आकडा सांगतात. खर्च वजा केला की साडेतीन कोटी. काळाचा हिशेब धरला की २ कोटी ८९ लाख. यातून आयकर वजा झाला की प्रमाण माप तयार. आयकर वजा न करता काढलेल्या आकड्याला तिथले लोक 'पीव्ही-टेन' म्हणतात. दोन कंपन्यांची तुलना करताना दोन्हीकडे एकाच जातीचा आकडा आहे ना, हे आधी पाहायचं.

हा १० टक्क्यांचा दर सगळ्यांना सारखाच. शांत देशातलं जुनं तेलक्षेत्र असो, नाहीतर युद्धाच्या छायेतलं नवं. खरा खरेदीदार असं कधीच करणार नाही, धोका जास्त तिथे तो जास्त दर लावेल. शिवाय संभाव्य साठा इथे शून्य धरलाय, पण खरा खरेदीदार त्याचेही थोडे पैसे देईल. म्हणून ही बाजारातली किंमत नव्हे, असं कंपन्या स्वतःच त्या पुरवणीत लिहितात. मग उपयोग काय? उपयोग असा की सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली जाते. वर्गात प्रत्येकाने आपापल्या वितीने बाक मोजला तर दहा उत्तरं येतात. फूटपट्टी थोडी जाड असली तरी सगळ्यांची सारखी असली, की कुणाचा बाक लांब हे तरी कळतं.

४. भाव कोणत्या दिवसाचा?

वरच्या उदाहरणात ७० डॉलर भाव आपण सहज लिहून टाकला. पण तेलाचा भाव रोज बदलतो. मग कोणता घ्यायचा?

पूर्वी नियम सोपा होता : वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा भाव. २००८ ने त्या नियमाची अडचण उघडी पाडली. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकी कच्च्या तेलाचा भाव १४७ डॉलरपर्यंत गेला होता. जागतिक मंदी आली आणि ३१ डिसेंबर २००८ ला तो ४४.६० डॉलरवर होता. पूर्ण वर्षाचं माप एका दिवसाच्या भावाने काढायचं! वार्षिक निकाल फक्त शेवटच्या दिवसाच्या चाचणीवर लावण्यासारखंच हे.

त्याच वर्षाच्या शेवटी एसईसीने नियम बदलला आणि ३१ डिसेंबर २००९ ला किंवा त्यानंतर संपणाऱ्या आर्थिक वर्षांपासून तो लागू झाला. आता बारा महिन्यांतल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवसाचा भाव घेऊन त्या बारा भावांची साधी सरासरी काढतात. करारानेच भाव ठरलेला असेल तर तो भाव धरतात.

सरासरीचा फायदा २०२० मध्ये दिसला. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाच्या वायद्याचा भाव चक्क शून्याच्या खाली, उणे ३७.६३ डॉलरवर गेला. तेल साठवायला जागा उरली नव्हती. पण ती तारीख महिन्याची पहिली नव्हती, त्यामुळे सिद्ध साठ्याच्या मापात तो दिवस आलाच नाही. अर्थात सरासरीची दुसरी बाजूही आहे. ती मागचं बघते. भाव वर्षभर सतत पडत असेल, तर सरासरी आजच्यापेक्षा जास्त दिसते. सतत चढत असेल तर कमी दिसते.

५. तेल जागेवरच, साठा मात्र गेला

आपल्या उदाहरणात भाव ७० वरून ४० डॉलर झाला असं धरू. दर बॅरलला आता सुटतात फक्त १० डॉलर.

पहिलं वर्ष : ४० − ४० = ०
दुसरं वर्ष : ३० लाख
तिसरं वर्ष : २० लाख
चौथं वर्ष : १० − १० = ०

आजच्या किमतीत : ३० ÷ १.२१ = २४.७९ आणि २० ÷ १.३३१ = १५.०३. बेरीज ३९.८२ लाख.

भाव ४३ टक्क्यांनी उतरला, पण माप २८९ लाखांवरून ४० लाखांवर आलं, म्हणजे सुमारे ८६ टक्क्यांनी! कारण भाव उतरला तरी खर्च तेवढाच राहिला. नफा-तोट्याच्या पाठात मुलांना हे उदाहरण दिलं तर 'विक्रीची किंमत' आणि 'नफा' यातला फरक पक्का बसतो. आणि भाव ३० डॉलर झाला तर? बॅरलमागे काहीच सुटत नाही, वर विहिरीचे ४० लाख अंगावर. दुसरी चाळणी पार होत नाही. सिद्ध साठा शून्य. तेल मात्र खडकात जिथे होतं तिथेच आहे.

हे नुसतं कागदावरचं उदाहरण नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कर्ल नावाची मोठी खाण आहे. तिथे डांबरासारखं घट्ट तेल असलेली वाळू खणून काढतात आणि त्यातून तेल वेगळं करतात. हे काम खर्चिक आहे. २०१६ मध्ये भावाची सरासरी खूपच खाली आली, तेव्हा एक्सॉनमोबिल कंपनीला कर्लमधलं सुमारे ३५० कोटी बॅरल तेल सिद्ध साठ्याच्या यादीतून काढावं लागलं. खाण बंद पडली नव्हती, काम चालूच होतं, वाळूही तिथेच होती. पुढे भाव सुधारल्यावर तो साठा यादीत परतला आणि २०२० मध्ये भाव कोसळल्यावर पुन्हा मोठ्या प्रमाणात बाहेर गेला.

म्हणून "अमुक कंपनीचा तेलसाठा घटला" अशी बातमी वाचली की लगेच विचारायचं : तेल उपसलं म्हणून घटला, अंदाज बदलला म्हणून घटला, की भाव पडला म्हणून? तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. अहवालाच्या पुरवणीत उपसलेलं तेल वेगळं दाखवलेलं असतं, पण अंदाज आणि भाव यांमुळे झालेले बदल बहुधा एकाच ओळीत धरलेले असतात.

६. हा आकडा नफ्यात कसा शिरतो?

पुरवणीतला आकडा पुरवणीतच राहतो का? नाही. तो मागच्या दाराने नफ्यातही येतो.

विहिरींवर १०० लाख डॉलर खर्च झालाय आणि साठा १० लाख बॅरल आहे असं धरू. मग प्रत्येक बॅरलवर १० डॉलर घसारा बसतो. यंदा १ लाख बॅरल काढले तर खर्चात १० लाख डॉलर लिहायचे. आता अभियंत्यांनी सांगितलं, साठा १० नव्हे, ५ लाखच आहे. खर्च झालेले १०० लाख तेवढेच, पण भागायचे ५ ने. बॅरलमागे २० डॉलर. यंदाचा घसारा २० लाख. तिजोरीतून एक पैसाही जास्त गेला नाही, तरी नफा १० लाखांनी कमी झाला.

उलटंही तितकंच खरं. साठा फुगवून सांगितला तर घसारा कमी बसतो आणि नफा मोठा दिसतो. भाजकात केलेली लबाडी उत्तरात दिसतेच, हे आपण शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

खर्च लिहिण्याच्याही तिथे दोन पद्धती आहेत. एकीत कोरडी निघालेली विहीर लगेच तोट्यात टाकतात आणि फक्त यशस्वी विहिरींचा खर्च ताळेबंदात ठेवतात. दुसरीत यशस्वी आणि कोरड्या, सगळ्यांचा खर्च एकत्र ठेवतात. दुसरी पद्धत वापरणाऱ्यांना एक मर्यादा घातलेली आहे : ढोबळमानाने सांगायचं तर, ताळेबंदात ठेवलेला खर्च वर काढला तसल्या मापापेक्षा जास्त असता कामा नये. भाव पडला की माप घटतं, आणि मग वरचा खर्च एकदम तोट्यात लिहावा लागतो. २०१५ मध्ये भाव गडगडल्यावर अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांवर ही वेळ आली.

७. शेल, २००४ : फूटपट्टी वाकवली तेव्हा

९ जानेवारी २००४. जगातल्या सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांपैकी एक असलेल्या शेलने जाहीर केलं की आपल्या सिद्ध साठ्यातले ३९० कोटी बॅरल 'सिद्ध' म्हणता येणार नाहीत. यात वायूही तेलाच्या मापात बदलून धरलेला होता. म्हणजे एकूण सिद्ध साठ्याचा सुमारे पाचवा भाग! पुढच्या काही महिन्यांत हा आकडा आणखी वाढून सुमारे ४४७ कोटींवर गेला.

तेल जळालं का? चोरीला गेलं का? नाही. ते होतं तिथेच होतं. मोठा भाग नायजेरिया आणि ऑस्ट्रेलियातला होता. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या गॉर्गन वायूक्षेत्राचं उदाहरण बघा. वायू खरोखर होता, भरपूर होता. शेलने १९९७ मध्येच तो सिद्ध साठ्यात धरला. पण तेव्हा प्रकल्पाचा निर्णय झालेला नव्हता. गुंतवणुकीचा अंतिम निर्णय झाला २००९ मध्ये आणि वायूचं पहिलं जहाज निघालं २०१६ मध्ये! म्हणजे पहिली चाळणी पार झाली होती, पण बाकीच्या चाळण्या पार होण्याआधीच आकडा पुस्तकात गेला होता.

असं का करावंसं वाटतं? तेल कंपनीकडे लोक एका गुणोत्तराने बघतात : वर्षभरात जेवढं तेल उपसलं, तेवढं नवीन सिद्ध झालं का? ते शंभर टक्के असेल तर कंपनीचं भविष्य सुरक्षित वाटतं. शेलने १९९८ ते २००२ या काळासाठी साधारण शंभर टक्के दाखवले होते. दुरुस्तीनंतर ते सुमारे ८० वर आले. आणि एसईसीच्या म्हणण्यानुसार, आपण वर शिकलो ते प्रमाण माप सुमारे ६६० कोटी डॉलरने फुगलेलं होतं.

मार्च २००४ मध्ये अध्यक्ष फिलिप वॉट्स यांना पद सोडावं लागलं. ऑगस्टमध्ये कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता अमेरिकेत १२ कोटी डॉलर दंड भरला, आणि ब्रिटनच्या नियामक संस्थेने १ कोटी ७० लाख पौंडांचा दंड ठोठावला. पण खरा दंड कुणाला बसला? ज्यांनी तो आकडा खरा मानून शेअर घेतले त्यांना. जाहीर झालं त्या दिवशीच शेअर सुमारे ७ टक्के घसरला. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात पुढे कोण होतं, हे आपण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावं : पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सरकारी शाळांतल्या कर्मचाऱ्यांचा निवृत्ती निधी. कुठल्याशा वर्गात फळ्यासमोर उभ्या असलेल्या बाईंचं म्हातारपण नायजेरियातल्या एका अंदाजाला बांधलेलं होतं, आणि त्यांना ते ठाऊकही नसेल.

८. आपल्या किनाऱ्यापलीकडे

आपल्याकडे तेलक्षेत्र म्हटलं की मुंबई हाय. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं, मे १९७६ पासून उत्पादन सुरू झालं, आणि तिथलं तेल-वायू उरणला येतो. ते क्षेत्र चालवणारी ओएनजीसी भारतातल्या नियमांनी हिशेब मांडते. कोरड्या विहिरीचा खर्च तोट्यात टाकायची, म्हणजे वरच्या दोनपैकी पहिली पद्धत ती वापरते. घसारा मात्र तसाच, किती साठा आणि त्यातला किती उपसला यावरून. नियमपुस्तक वेगळं असलं तरी प्रश्न तोच : भाजकात लिहिलेला साठा किती खात्रीचा? त्यामुळे एका देशाच्या नियमाने काढलेला आकडा दुसऱ्या देशाच्या आकड्याशेजारी तसाच ठेवून तुलना करू नये.

९. वर्गात काय घेता येईल?

तेलाचं नाव न काढताही हा पाठ घेता येतो. मी पाचवी ते आठवीला हे उपक्रम सुचवते.

चिंचेचं झाड : शाळेच्या आवारातल्या किंवा गावातल्या झाडाकडे न्या. "खात्रीने किती किलो चिंच मिळेल?", "बहुधा किती?", "फार तर किती?" असे तीन आकडे प्रत्येक गटाला लिहायला लावा. चिंच उतरवल्यावर ताडून पाहा. खात्रीचा आकडा चुकला तर तो खात्रीचा नव्हताच, एवढं मुलांच्या लक्षात आलं तरी पुरे.

कांद्याचा भाव : दर महिन्याच्या १ तारखेला बाजारातला भाव तक्त्यावर लिहा. वर्षाच्या शेवटी बारा भावांची सरासरी आणि ३१ डिसेंबरचा भाव शेजारी शेजारी ठेवा. "वर्षाचा भाव कोणता म्हणायचा?" यावर मुलांना भांडू द्या.

उलटं चक्रवाढ : आठवीच्या मुलांना विचारा, १० टक्के दराने एक, दोन, तीन आणि चार वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत किती? उत्तरं : ९०.९१, ८२.६४, ७५.१३ आणि ६८.३०. पालकांनी घरी हेच विम्याच्या जाहिरातीवर करून पाहावं. "वीस वर्षांनी इतके लाख" हा आकडा आज किती आहे, ते कळेल.

शेवटी एवढंच. प्रमाण माप खोटं नाही आणि खरी किंमतही नाही. ते ठरलेल्या नियमाने काढलेलं उत्तर आहे. नियम माहीत असेल तर ते उपयोगी पडतं, माहीत नसेल तर फसवतं. मुलांना आपण "उत्तर किती आलं?" असं रोज विचारतो. त्यासोबत "ते कोणत्या रीतीने काढलं?" हेही विचारायची सवय लावली, तर उद्या ती कुठल्याही कंपनीचा अहवाल न घाबरता उघडतील.

उपक्रम घेतलात तर मुलांची उत्तरं जरूर कळवा.